भांगाच्या शनिवारी मोजलेला चिखल

सिस्टर, परवा सकाळी मी खाडीतल्या चिखलात उभी होते आणि मला तुमची फार आठवण झाली. तुम्हाला जाऊन तीस वर्षांहून अधिक काळ लोटला. एवढ्या वर्षांत मी तुमच्या कबरीवर दोनदाच आले, दोन्ही वेळा घाईत, फुलं ठेवली न ठेवली अशी. पण परवा चिखल घोट्याच्या वर चढला, त्याचा तो सडक्या अंड्यासारखा वास नाकात गेला, आणि वाटलं की हे कुणाला सांगायचं असेल तर तुम्हालाच. नवऱ्याला सांगितलं तर तो ऐकून घेईल, पण लगेच माझी बाजू घेईल. तुम्ही माझी बाजू कधीच लगेच घेतली नाहीत.

तुम्ही गेलात तेव्हा मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते. दोन वर्षांपूर्वी तिथून निवृत्त झाले आणि घरी बसवेना म्हणून एका सल्लागार कंपनीसाठी पाहणीची कामं घेऊ लागले. आता आपलं पनवेल तुम्हाला ओळखू येणार नाही. कुठेही गोदाम, रस्ता, वसाहत उभी करायची झाली की आधी त्या जागेवर काय काय जगतं याची यादी करावी लागते. ती यादी मी करते. झाडं, पाखरं, किडे, मासे, जे दिसेल ते. यादीच्या शेवटी एक शेरा असतो: जैवविविधता जास्त, मध्यम किंवा कमी. खाली माझी सही. त्या एका शब्दावर पुढचं पुष्कळ ठरतं. ‘जास्त’ लिहिलं की लोक दबकून पाय ठेवतात. ‘कमी’ लिहिलं की डंपर येतात.

या वेळची जागा म्हणजे उरणकडे जाताना लागणारा खाडीकाठचा चिखलाचा पट्टा. एका अंगाला बंद पडलेली मिठागरं, दुसऱ्या अंगाला कंटेनरचं आवार, मधे हा चिखल. तो भरून तिथे ट्रकतळ करायचा आहे. कंपनीची गाडी मला एकाआड एक शनिवारी मिळायची, म्हणून मी तीन शनिवार ठरवले. भरती-ओहोटीचं कोष्टक पाहून ओहोटीची वेळ काढली. तिन्ही वेळा ती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमाराला येत होती, म्हणजे सोयीची. डबा खाऊन बांधावर जायचं, दुर्बीण लावायची, काठाच्या चिखलाचे नमुने घ्यायचे, चार वाजता परत. बांधाच्या पायथ्याशी चिखलाची एक चिंचोळी पट्टी उघडी पडलेली असे, पलीकडे करडं, संथ पाणी. तीन शनिवारांत मिळून माझ्या यादीत सात जाती झाल्या. मी शेरा लिहिला: कमी.

सात हा आकडा लिहिताना तुमची आठवण यायला हवी होती. तेव्हा आली नाही, हे आधी सांगून टाकते. आता मात्र नववीतला तो दिवस डोळ्यांसमोरून हलत नाही. तुम्ही वर्गाचे दोन भाग केलेत. अर्ध्या मुली कर्नाळ्याच्या डोंगरावर, अर्ध्या खाडीवर. प्रत्येकीला सुतळीची एक चौकट, चार खिळ्यांना बांधलेली. चौकट जमिनीवर ठोकायची आणि आत जे जिवंत असेल ते लिहायचं. माझ्या चिठ्ठीत खाडी आली. डोंगरावरच्या मुली संध्याकाळी पानं भरभरून परत आल्या. शेवाळ, नेचे, मुंग्यांचे चार प्रकार, गोगलगाय, कसली कसली रोपटी. माझ्या वहीत पाच नावं होती. मला इतकी लाज वाटली की बसमध्ये मी आणखी दोन घातली: एक फुलपाखरू आणि एक खंड्या.

तुम्ही दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या वह्या तपासल्यात आणि मला एकटीला थांबवलंत. रागवायचं झालं की तुम्ही इंग्रजीत रागवायचात, समजवायचं झालं की मराठीत, आणि तुमच्या मराठीत सगळं पुल्लिंगी असायचं. शाळा मोठा, बस आला. त्या दिवशी तुम्ही सुरुवातीपासून मराठीत बोललात, म्हणून मी जास्तच घाबरले.

“हा खंड्या चौकटीच्या आत बसला होता?”

मी मान खाली घातली.

“किती होता खरा?”

“पाच, सिस्टर.”

“मग पाच लिही. पाचला कसला लाज?”

मी रडायला लागले आणि म्हणाले, डोंगरावर एवढं सगळं असतं, मला मुद्दाम रिकामी जागा दिलीत. तुम्ही तशाच उठलात. मला घेऊन कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात गेलात. तिथली आचारीण चार दिवस तापानं घरी पडली होती. ओट्यावर भांडी पडलेली, चूल गार, आणि टेबलाशी दोन सिस्टर पावाला मुरंबा लावत होत्या, चौथ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ तेच. तुम्ही मला विचारलंत, शिकवणाऱ्या आम्ही किती? मी मोजून सांगितलं, अकरा. “अकरा. त्यातला एक आजारी पडला तर दुसरा वर्ग घेतो. कुणाला कळत पण नाही. आणि हा बघ,” म्हणून चुलीकडे बोट दाखवलंत, “इथं एकच होता.” मग म्हणालात, डोंगरावर एक झाड गेलं तर माकडाला दुसऱ्या झाडाचं फळ मिळतं. खाडीत खारट पाणी, कडक ऊन, दिवसातून दोनदा बुडायचं आणि दोनदा उघडं पडायचं. हे सोसणारे थोडेच. जो सोसतो त्याच्यामागे बदली कुणी नसतो.

तेव्हा मला त्यातलं निम्मंच कळलं. पावाचा वास आणि गार चूल मात्र जशीच्या तशी आठवते. आचारीण बरी होऊन परत आली तेव्हा पहिलं भांडण तुमच्याशीच झालं, कारण तिच्या पिठाच्या चाळणीतून तुम्ही मधल्या काळात खाडीचा गाळ गाळून पाहिला होतात. “सिस्टर, आता यातनं चपात्यांचं पीठ चाळू की चिखलाचं?” असं ती सगळ्यांदेखत म्हणाली आणि तुम्ही शाळकरी मुलीसारख्या लाल झालात. बारावीनंतर मी कॉलेजला निघाले तेव्हा तीच चाळण वर्तमानपत्रात गुंडाळून तुम्ही मला दिलीत. मी ती बरीच वर्षं वापरली. पुढे जाळी गंजून फाटली आणि एका दिवाळीच्या सफाईत मी ती भंगारात दिली. त्या वेळी काही वाटलंही नाही.

तर, सात. मी कच्चा अहवाल दिला आणि कंपनीचा मालक खूश झाला. तो वाईट माणूस नाही, सिस्टर. माझ्याहून वीस वर्षांनी लहान आहे, स्वतः उठून मला चहा आणून देतो, पायऱ्या असतील तिथे हात पुढे करतो. त्यानं अहवालात एक परिच्छेद वाढवून मला वाचून दाखवला. ट्रकतळाच्या बदल्यात रस्त्याच्या कडेला उद्यान करायचं, त्यात चाळीस जातींची झाडं लावायची. “बघा ना मॅडम, सातच्या जागी चाळीस. बायोडायव्हर्सिटी वाढतेच आहे, कमी कुठे होतेय?” त्याच्या बोलण्यात कपट नव्हतं. त्याला ते खरंच पटलेलं होतं. मी हसले. पुढच्या मंगळवारी पक्क्या प्रतीवर सही करायची, असं ठरलं.

मधल्या बुधवारी मी बाजारात मासळी घ्यायला गेले. जिच्याकडून मी गेली पंधरा वर्षं मासळी घेते ती बाई त्याच खाडीकाठच्या गावातली आहे, हे मला माहीत होतं आणि तरी पाहणीच्या कामाशी मी त्याचा कधी संबंध लावला नव्हता. ती कोलंबी सोलत होती. मान वर न करता म्हणाली,

“काय गो बाय, शनवारी आमच्या बांधावर तूच होतीस ना? टोपी घालून, दुर्बीण लावून. सुनेनं बगितलं.”

“मीच होते.”

“काय बगत होतीस?”

“चिखलात काय काय जगतं ते मोजत होते.”

आता तिनं मान वर केली. “शनवारी? शनवारी अष्टमी व्हती. भांगाला जाऊन चिखल मोजलास?”

शेजारची बोंबील मांडत होती, ती फिसकन हसली. “त्यांच्या भिंतीवर नुसती तारीख असते गो. तिथी नसते.”

“ओहोटीची वेळ बघूनच गेले होते,” मी म्हणाले. माझा आवाज जरा चढला असावा.

“दुपारची ओहोटी ती भांगाचीच ओहोटी, बाय. त्यात पानी उतरतंय कुटं? उधाणाची ओहोटी पाटं नि सांजंला. पुनव होऊं दे, बीजेला पाटं ये. तवा चिखल दिसंल.” मग काहीतरी ध्यानात येऊन तिनं विचारलं, “नि दर खेपंला पंधरा दिसांनीच आलीस काय?”

“हो. एकाआड एक शनिवार.”

“मंग तुला परत भांगच मिळनार. जन्मभर येत रावलीस तरी भांगच.” दोघी पोटभर हसल्या. “किती मोजलंस?”

“सात.”

“सात तर माज्या कालवनात असतात.”

मी कोलंबी घेतली, पिशवी उचलली आणि रिक्षात बसले. त्या दोघी जे बोलल्या ते मी कॉलेजात फळ्यावर काढून शिकवलेलं आहे. पुनव-अमावास्येला चंद्र-सूर्याची मिळून ओढ मोठी, पाणी खूप चढतं आणि खूप लांब मागे जातं; ते उधाण. अष्टमी-नवमीच्या आसपास ओढ कमी, पाणी धड चढत नाही, धड उतरत नाही; तो भांग. पंधरवड्याच्या अंतरानं गेलं की चंद्र पुन्हा अर्धाच असतो आणि पाणीही तसंच वागतं. तिन्ही शनिवारी खाडीनं मला तिचा एकच बंद दरवाजा दाखवला आणि मी त्यावरून घरात कुणी राहत नाही असं लिहून दिलं.

परवा सोमवारी बीज होती. नवऱ्यानं मला सव्वासहाला बांधावर सोडलं. सिस्टर, पाणी दिसेचना. जिथे मी तीन शनिवार करडं पाणी पाहिलं होतं तिथे नजर पोचेल तिथपर्यंत चिखल, ओला, उजाडताना जस्ताच्या पत्र्यासारखा चमकणारा. त्यात दहा-बारा बाया गुडघ्यापर्यंत उतरलेल्या, लुगडी वर खोचलेली, कमरेला टोपल्या. माझी मासळीवाली त्यात होती. मला बघून ती म्हणाली, “उतर. नायतर तितूनच दुर्बीण लाव, फोटू काढते तुजा.”

मी उतरते. बूट रुततो, निघत नाही, मी तो तिथेच सोडते आणि अनवाणी चालते. पायाखाली सगळं हलतंय. निवट्या, चिखलातले हे मासे, पुढच्या परांवर रेलून टुणटुण उडतायत. लालसर नांग्या वर करून बारीक खेकडे मला पाहतात आणि एका क्षणात शंभर बिळं रिकामी दिसू लागतात. मी एक मूठ गाळ उचलून पाण्यात धुते तर तळहातावर दोऱ्यासारखे तांबूस किडे वळवळतात, एकाच जातीचे, मोजता न येण्याइतके. आणि पलीकडे, पाण्याच्या खऱ्या काठाशी, तुतवारांचे थवे. अंगठ्याएवढ्या चोचींनी टोचत टोचत चाललेले, हजारोंनी, जणू चिखलालाच पाय फुटलेत. ही पाखरं हिमालयापलीकडून येतात आणि फेब्रुवारी-मार्चला परत जातात. त्यांच्या अंगात परतीपुरती चरबी चढते ती या किड्यांवर. माझ्या अहवालातल्या उद्यानाच्या चाळीस झाडांपैकी एकही त्यांना ते देणार नाही.

पहिल्या तासात एकोणीस जाती झाल्या. मी तुमच्या शिकवणीला जागून सांगते, एकोणीसच. अजून दहा खेपा केल्या तर तीस होतील. डोंगराच्या एका ओढ्याकाठी याच्या दसपट सहज मिळतील. म्हणजे कोष्टकात हा चिखल ‘कमी’च राहील, आणि माझी भीती तिथेच होती. मोजणी चुकली हे सांगणं सोपं. मोजणी बरोबर करूनही तोच शब्द येणार असेल, तर तो शब्दच या जागेला पुरत नाही, हे मी कुणाला आणि कसं सांगणार?

ती बाई माझ्याजवळ येऊन उभी राहिली. चिखलात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होती, बोलत होती माझ्याशी.

“कागदावर आमचं काय लिवलंस?”

“अजून सही केली नाही.”

“सही रावदे. लिवलंस काय?”

मी हाताचा गाळ झटकला. मग म्हणाले, “कमी आहे, असं.”

तिनं हात बाहेर काढला. हातात चिंबोरी होती, नांग्या धरून ती टोपलीत टाकली. चेहऱ्यावर राग नव्हता, तेच जड गेलं. “बरं,” ती म्हणाली. “जरा टोपलीला हात लाव.” तिनं टोपली कमरेवरून सोडली आणि मी दोन्ही हातांनी धरली. मला ती छातीपर्यंतही उचलवेना. ती बघत उभी राहिली, मग एका हातानं घेऊन परत कमरेला लावली आणि पुढे गेली. मागे वळून म्हणाली, “पानी फिरंल आता. बांदावर जा. भरती चढताना तुला पळता नाय येनार.”

दुपारी मी कार्यालयात गेले. सही करणार नाही म्हणाले. पाहणी चुकीच्या तिथींना झाली, उधाणाच्या ओहोटीला निदान चार खेपा व्हायला हव्यात, पाखरं परत जाईपर्यंत. आणि शेऱ्याच्या खाली हा चिखल कुणाकुणाला पोसतो ते वेगळं लिहावं लागेल. मालकानं चहाचा कप हळूच टेबलावर ठेवला.

“मॅडम, तुम्ही मला मोठ्या बहिणीसारख्या, म्हणून स्पष्ट बोलतो. क्लायंट थांबणार नाही. तुम्ही नाही केली तर दुसरं कुणीतरी सही करेल. त्याला बांधाचा रस्तासुद्धा माहीत नसेल.”

“करू दे. माझी नको.”

“आणि तुमच्या यादीचं काय? ती फाइलमध्ये आहे. तो माणूस तीच यादी वापरेल.”

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. माझे सात माझ्याशिवायही चालणार होते. मी त्याला अकरा सिस्टरांची आणि एका आचारिणीची गोष्ट सांगितली. कशी सांगितली कोण जाणे. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, “हे अहवालात लिहिता येत नाही ना, मॅडम.” मग बराच वेळ पेनचं टोपण काढत-घालत बसला आणि म्हणाला, “एक करा. पाहणी सदोष होती, चूक तुमची होती, यादी मागे घेता, असं सहीनिशी लिहून द्या. मग ती यादी कुणालाच वापरता येणार नाही. मी क्लायंटला सांगतो, मार्चपर्यंत थांबा. थांबेल की नाही, माहीत नाही. पण तुम्हाला यानंतर कुणी काम देईल का, याचाही विचार करा.”

मी तिथेच बसून लिहून दिलं. सात-आठ ओळी झाल्या. तिन्ही पाहण्या भांगाच्या दिवसांत झाल्या, ही बाब माझ्या ध्यानात आली नाही, सबब यादी रद्द समजावी. खाली सही, तारीख. या वेळी तिथीही लिहिली. त्यानं कागद वाचला, फाइलला लावला आणि उठून दार उघडून दिलं. मार्चपर्यंत काय होतं ते मला ठाऊक नाही. काल संध्याकाळपर्यंत त्याचा फोन आलेला नाही.

घरी आल्यावर नवरा म्हणाला, हिंमत लागते असं लिहून द्यायला. मुलीनंही फोनवर तेच म्हटलं. दोघंही खरंच अभिमानानं बोलत होती आणि मी फोन कानाला लावून स्वयंपाकघरात उभी होते, कोलंबीचं कालवण ढवळत. त्यांना सांगू शकले नाही, म्हणून हे तुम्हाला.

कोष्टकात ओहोटीच्या वेळेशेजारी आणखी एक रकाना असतो, सिस्टर. पाणी किती उतरेल त्याचा. मी तो पाहिला होता. तीनही वेळा पाहिला होता. पाणी फारसं उतरणार नाही हे त्या आकड्यात स्वच्छ होतं आणि तो आकडा वाचायला मी पस्तीस वर्षं मुलांना शिकवलं आहे. पण गाडी शनिवारची होती, दुपारची वेळ बरी होती, गेल्या पावसाळ्यापासून माझा उजवा गुडघा दुखतो, आणि पहाटे उठून त्या चिखलात उतरायची मला इच्छा नव्हती. पाणी वर असलं की उतरावं लागत नाही. त्या कागदावर मी लिहिलं आहे, ध्यानात आली नाही. तो कागद फाइलमध्ये तसाच आहे.